बोटीवरून सुट्टीवर

धाकट्या भावाला मनोरुग्णालयातून घरी सोडायचं ठरलं, तेव्हा तिथल्या सोशल वर्कर बाईंनी आईला आणि मला समोर बसवून सगळं समजावलं. गोळ्या कोण देणार, झोप उडाली तर काय करायचं, तपासणीला कधी आणायचं. मी होला हो म्हणत होते. आईचं लक्षच नव्हतं. शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "गो, बोटीवरना इलेलो माणूस रिकाम्या हातान येता काय?"

नायगावला आमच्या चाळीत तिने सांगून ठेवलं होतं की, पोरगा बोटीवर कामाला लागलाय. कोकणातल्या माणसांत कोणी ना कोणी बोटीवर असतोच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मी तेव्हाच कडाकडा भांडले होते. "बोलणाऱ्याचा तोंड कोण धरतलो?" एवढंच तिचं उत्तर. आजाराचीही लाज वाटावी, याचा मला आजही राग येतो.

शेवटी आणायच्या दिवशी तिने बाजारातून फॉरेनची चॉकलेटं घेतलीच. टॅक्सीत त्याला पढवलं, "कोणी विचारल्यान तर सांग, सगळीकडे पाणीच पाणी." तो शहाण्यासारखा मान हलवत राहिला. मला रडू आवरेना.

दारात शेजारच्या काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "किती वाळलास रे! बोटीवर जेवायला घालत नाहीत काय?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याने चॉकलेट पुढे केलं. गोळ्यांमुळे हात थरथरत होता. काकींनी तो हात दोन्ही हातांत धरून विचारलं, "सुट्टी किती दिवस?"

हे आईने पढवलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"दिवाळीपर्यंत आसा," आई पटकन म्हणाली.

काकी गेल्या. आई तांदूळ निवडायला बसली. तो कॉटच्या कडेला टेकला, पण पाठ टेकेना. परक्या घरी पाहुणा बसतो तसा बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर मला परत तिथे नेणार?"

"नाही रे! कुठे नाही जायचंस तू," मी म्हटलं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो आईच्या उत्तराची वाट बघत होता.

आईने सूप खाली ठेवलं. आमच्या चाळीत दिवसा दार कोणी लावत नाही. ती उठली, आणि आधी दार लावून आली.