रिसीव्हर जरा बाहेर धरा

मद्रासच्या माउंट रोडवर एक इंग्रजी सायंदैनिक निघत असे. १९७९ साली कामाक्षी तिथे वार्ताहराच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. वृत्तसंपादक कृष्णस्वामींना तिचं लिखाण पसंत पडलं. ते आले तेव्हा ती खुर्चीत बसलेलीच होती. मग निघताना तिने टेबलाखालची कुबडी उचलली आणि गृहस्थांचा चेहरा उतरला.

"वार्ताहराला पळावं लागतं, अम्मा."

"तुमचे राणोजी कधी पळालेत?"

राणोजी इथले जुने वार्ताहर, तिच्या वडिलांचे स्नेही, तिच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. पोट सावरत स्कूटरवर बसायचं म्हणजे त्यांना केवढी खटपट!

कृष्णस्वामी हसले, आणि तिला टेलिफोनवर बसवलं. वार्ताहरांनी बाहेरून बातमी सांगायची, हिने ऐकत टाइप करायची. घरचे खूश, पोलिओ झालेल्या मुलीला बसून काम मिळालं, आणखी काय पाहिजे? तिला पाहिजे होतं एकदा तरी स्वतः जाऊन, पाहून लिहिणं. पण ते विचारतो कोण!

बातमी सांगून झाली की ती म्हणे, "आता रिसीव्हर जरा बाहेर धरा." वार्ताहर थट्टा करत, पण धरत. मोर्च्याच्या घोषणा, बंदरावरचे भोंगे, देवळातलं नादस्वरम, सगळं ती डोळे मिटून ऐके.

अशी पाच वर्षं गेली. एका सकाळी राणोजींचा फोन आला. समुद्रकाठच्या कोळीवाड्यात झोपड्या जळाल्या होत्या. मागे एक बाई सारख्या हाका मारत होती.

"मामा, कुणाला बोलावतेय ती?"

"मला काय ठाऊक, गे? झोपड्या किती ते लिही."

कामाक्षीने ते लिहिलं, रिक्षा केली आणि तडक कोळीवाडा गाठला. वाळूत कुबडी रुतली, बाईसाहेब आडव्या! बायकांनीच तिला उठवून आपल्यात बसवलं. राणोजी उभ्याउभ्या विचारून गेले होते. हिच्याशी त्या पोटातलं बोलल्या. हाका शेळीसाठी होत्या. नवऱ्यामागे त्या बाईला तेवढीच उरली होती.

कृष्णस्वामींनी सगळं छापलं. वर ओळ होती, 'आमच्या वार्ताहराकडून'. कामाक्षीने बातमी सोडून तेवढीच ओळ कितीदा तरी वाचली.

"छान झालंय," कृष्णस्वामी म्हणाले. "पण पुन्हा जाऊ नकोस. पडलीस तर?"

"पडले की, सर. उठलेसुद्धा."

"ऐक माझं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेलिफोनवर. राणोजी अड्यार नदीच्या पुलाजवळून बोलत होते. मजकूर संपल्यावर आपणहून म्हणाले, "धरू का गे बाहेर?"

"धरा, मामा."

पुलावरचा वारा तिच्या कानात भरला. बुटातली कोळीवाड्याची वाळू तळव्याला टोचत होती. तिने ती अजून झटकली नव्हती.