ओरेस्ते मनोरा चढतो

नोर्मा चौकाच्या मधोमध सरळ चालत गेली आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून नवऱ्याची वाट बघत उभी राहिली. ओरेस्ते नेहमीसारखा कडेकडेने, अख्ख्या चौकाला वळसा घालून आला.

"आलास का बाबा? मला वाटलं, रोमवरून येतोयस."

"मधे ऊन लागतं," ओरेस्ते म्हणाला.

नोव्हेंबरातलं ऊन! नोर्मा मान हलवून पुढे चालू लागली.

आमच्या बोलोन्या शहरात शिकणारी पोरं हा चौक मधून ओलांडत नाहीत. ओलांडला की पदवी हुकते. त्याहून वाईट तो उंच मनोरा. पदवीआधी जो त्यावर चढला, त्याने पदवीचं नावच विसरावं. हसू नका. चांगले चांगले वकील हे पाळूनच वकील झालेत. निकाल लागला, की मात्र पोरं डोक्यावर तमालपत्रांचा मुकुट घालून पहिली त्या मनोऱ्यावरच धावतात.

ओरेस्ते झानारिनी पदवीधर होता. म्हणजे तसं त्याने सांगितलं होतं. बाप अचानक गेला, शिक्षण अर्धवट सुटलं, पोरगा शहराची बस चालवायला लागला. पण नोर्माला मागणी घालायला गेला तेव्हा तिच्या वडिलांसमोर याने बेधडक थाप मारली: पदवी आहे, मनाजोगती नोकरी तेवढी नाही. सासरेबुवा मरेपर्यंत "आमचे पदवीधर जावई" करत गावभर मिरवले. आता अशी थाप परत घ्यायची कुणापुढे?

निवृत्त झाल्यावर गड्याने गुपचूप पुन्हा विद्यापीठात नाव घातलं. घरी सांगायचा, पत्ते खेळायला जातो. सगळे पेपर सुटले होते. गुरुवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली, की संपलं. पदवी नोर्माच्या हातात ठेवायची आणि मगच तोंड उघडायचं, असं त्याने ठरवलं होतं. आधी सांगितलं तर हातात काय उरतं? नुसता खोटारडा नवरा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, मंगळवारी, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, नोर्माला हुक्की आली. "परक्या देशातली जोडपी येऊन आपलं गाव पायी बघतात. आपण मेले बसच्या खिडकीतून बघितलं. आज सगळं चालत बघायचं."

सकाळी त्यांनी दोन चर्चं पाहिली, भिंतीतली एक छोटी खिडकी उघडून कालवा पाहिला. दुपारी गरम रश्शातली, सारण भरलेली तोर्तेल्लिनी खायला बसले, तेव्हा ओरेस्तेला वाटलं, सुटलो.

"आता मनोरा," नोर्मा म्हणाली.

त्याचा चमचा वाडग्यातच राहिला. "तुझे गुडघे दुखतात."

"माझे गुडघे मी बघून घेईन."

"गर्दी असेल गं."

"असू दे. तू पदवीधर माणूस, तुला कसली भीती?"

इकडे आड, तिकडे विहीर. चढावं तर पदवी जाते, नाही म्हणावं तर थाप उघडी पडते. तिकिटं नोर्मानेच काढली. आतला लाकडी जिना अरुंद, मागून माणसं रेटत होती. ओरेस्ते चढू लागला. प्रत्येक पायरीला त्याला वाटे, गेला एक पेपर. गेला दुसरा. थंडीत त्याच्या मानेवरून घाम वाहत होता. शेवटी एका वळणावर तो मटकन खालीच बसला.

"नोर्मा, मी पदवीधर नाही."

ती दोन पायऱ्या वर होती. कठडा धरून वळली. "माहीत आहे."

"तुला कुणी सांगितलं?" ओरेस्तेने विचारलं.

"अरे मूर्खा, चौकाच्या कडेने चालणारा पदवीधर पाहिलायस कधी? लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं मला. बाबांना नाही सांगितलं. म्हटलं, हा स्वतः सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल." तिने कठड्यावर हात आपटला. "इतकी वर्षं रे! संताप यायचा. मग वाटलं, म्हातारा झाला, आता कसली पदवी? एकदा वर नेलं, की ह्याची भीती जाईल, माझी वाट बघणं संपेल."

"पण गुरुवारी माझी परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"शेवटची. मी पत्ते खेळायला जात नव्हतो, नोर्मा."

नोर्माचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटी तीही बोलोन्याचीच. "अरे देवा! मग इथे काय बसलायस? ऊठ! उतर आधी!"

"अर्ध्यातून उतरलं तर चालतं का?"

"मला काय विचारतोस! वर पोचलास का? नाही ना? मग नाही चढलास. त्या झरोक्याकडे बघू नकोस, गाव दिसेल!"

तिने त्याची बाही धरली आणि चढणाऱ्या गर्दीत उलटी घुसली. लोक कुरकुरले. "बाजूला व्हा!" नोर्मा ओरडली. "गुरुवारी ह्याची पदवीची परीक्षा आहे!"

परके लोक नुसते बघत राहिले. पण खालून एक पोरगी येत होती, डोक्यावर तमालपत्रांचा ताजा मुकुट, मागे आईबाप. तिने ऐकलं मात्र, पालीसारखी भिंतीला चिकटली. "आई, सरक! बाबा, पोट आत घ्या!" आणि ओरेस्तेला म्हणाली, "आजोबा, पळा!"

बाहेर आल्यावर नोर्माने बाही सोडली. चौकापर्यंत ती त्याच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली. राग होता, आणि तो एका दिवसात जाणारा नव्हता, हे ओरेस्तेला कळत होतं. तो मान खाली घालून कडेला वळला. ती मधून जाईल आणि पलीकडे उभी राहील, नेहमीसारखी.

नोर्मा थांबली. मग मुकाट्याने वळली, त्याच्या दंडात हात अडकवला आणि कडेकडेने त्याच्याबरोबर अख्खा वळसा चालली.