सोनूबाईच्या तीन फेऱ्या

रत्नागिरीत सोनूबाईची खानावळ होती. बाई मूळच्या देवरूखकडच्या एका डोंगरातल्या गावच्या. नवरा गेल्यावर त्यांनी इथे येऊन दोन खोल्या घेतल्या आणि चूल मांडली, ती बावीस वर्षं विझली नाही. शरीराने ऐसपैस, तोंडाने फटकळ, आणि हात असा सढळ की जेवायला बसलेल्याने पानावर आडवा हात धरला तरी भात वाढायच्याच. एवढ्या वर्षांत त्या कुठे गेल्या नव्हत्या. समुद्र तर सोडाच, मधली आळीसुद्धा बाजाराच्या निमित्तानेच बघायच्या.

ब्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर खानावळीतल्या मंडळींनी बेत काढला. नाताळच्या सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत आंजर्ल्याला जायचं, कड्यावरच्या गणपतीला. सहा दिवस. म्होरके आप्पा शिवलकर, शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर, मिशी अजून सावधान स्थितीत. त्यांच्या खालोखाल उत्साही सदू, बँकेतला कारकून. जेवणाचं काय, असं कुणीतरी विचारलं. सदू म्हणाला, सोपं आहे, सोनूबाई सामानाच्या टेम्पोतून पुढे जातील, आम्ही पोचेपर्यंत पिठलं-भाकरी तयार.

बाई आमटी वाढत होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मी येणार," त्या म्हणाल्या, "पण चालायला. रांधायला नाही."

सगळे हसले. हसण्यासारखं होतंच म्हणा. पण बाई हसल्या नाहीत. बावीस वर्षं दुसऱ्यांना वाढलं, सहा दिवस तरी कुणीतरी आपल्याला वाढावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. आप्पा शिस्तीचे, त्यांनी अट घातली. भाट्याच्या किनाऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन-येऊन तीन फेऱ्या, मध्ये न बसता. वाळूला बूड लागलं की माणूस बाद. बाद झालात तर टेम्पो आणि चूल. परीक्षा डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, आणि सगळ्यांचीच.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागल्या. पहाटे साडेपाचला भाट्याला हजर, कासोटा खोचलेला, पाय अनवाणी. चौथ्याच दिवशी तीन फेऱ्या झाल्या! त्या दिवशी खानावळीत सगळ्यांना शिरा मिळाला. बाई म्हणाल्या, उगाच घाबरत होते मी, स्वैंपाकघरात चालून चालून पाय तयारच आहेत.

गर्वाचं घर खाली म्हणतात ते हेच. आठवड्याने पाय उचलेनात. एका फेरीत धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या. बाईंनी वाताला दोष दिला, वयाला दिला, आणि मेथीचे लाडू सुरू केले. नुसते स्वतः खाल्ले असते तर ठीक. पण वात काय फक्त मलाच आहे, असं म्हणून त्यांनी पंक्तीलाही मेथी चारली. अमावास्येच्या सुमाराला गुण आला; पुन्हा तीन फेऱ्या सहज. मेथी दुप्पट झाली. पुढच्या अष्टमीला पुन्हा तेच, पाय म्हणजे नुसते ओंडके. खानावळीत सकाळी मेथीची भाजी, रात्री मेथीची आमटी. सदूने तर जेवणाआधी देवाला नमस्कार करायला सुरुवात केली.

असा महिना गेला. परीक्षेला चार दिवस उरले, आणि त्या पहाटे बाईंना एक फेरीही पुरी झाली नाही. त्या परतल्या आणि मागच्या पायरीवर बसून चक्क रडल्या. आता टेम्पोच आपल्या नशिबी, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मासळी घेऊन हिरा आली. हिरा किनाऱ्यावरची, टोपली डोक्यावर घेऊन वाळूतून रोज चालणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली.

"सोनूबाय, दर्या काय तुझ्या घड्याळावर चालतो गो? तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला भरती. ओली, घट्ट वाळू सगळी पाण्याखाली, आणि आपण वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुतवत होतो. पुनव-अमावास्येला त्याच वेळी ओहोटी, वाळू फरशीसारखी. डोंगरातल्या बाईला हे कोण सांगणार? वात नव्हता, वय नव्हतं, मेथीचा तर काही संबंधच नव्हता. बाईंना आधी हसू आलं, मग रविवार आठवला. रविवारी द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. परीक्षा सकाळी आठला, ऐन भरतीच्या तोंडावर.

त्या तशाच आप्पांकडे गेल्या आणि म्हणाल्या, परीक्षा दुपारी घ्या, तेव्हा ओहोटी असेल. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. समुद्र काय पळून जातो का, ठरली वेळ ती ठरली, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. आप्पा आणि मंडळी महिनाभर डांबरी रस्त्यावर शिट्टीच्या तालावर चालत होती, पायात नवे कॅनव्हासचे बूट. किनाऱ्यावर एकदाही गेली नव्हती.

हे ऐकून हिरा म्हणाली, बरंच झालं. महिन्यातले निम्मे दिवस तू कोरड्या वाळूत चाललीस, ते कुठे चाललेत? पाऊल छोटं टाक, टाच दाबू नको, आणि कुणाच्या पुढे जायला बघू नको.

रविवारी आठला शिट्टी वाजली. पाणी चढतच होतं. पहिल्या फेरीत सगळे पुढे, बाई शेवटी. दुसऱ्या फेरीत सदूच्या बुटात वाळू भरली. तो ती झाडायला खाली बसला आणि आप्पांच्या अटीने बाद झाला. मग एकामागून एक पुरुष सुरूच्या झाडांखाली टेकले. तिसऱ्या फेरीला बाई आणि आप्पा दोघेच उरले. परतीच्या अर्ध्यात आप्पा वाकले. बुटाची नाडी सुटली म्हणाले, आणि बसले ते बसलेच. बाईंचीही छाती भात्यासारखी चालली होती, डोळ्यांपुढे काजवे. मनात एकच, टेम्पो नाही, चूल नाही. छोटं पाऊल, छोटं पाऊल, करत त्या टोकाला पोचल्या. तिथे हिरा उभी होती, तिच्या गळ्यात पडल्या.

पुरुष म्हणू लागले, ही वाळूच वाईट. नाचता येईना अंगण वाकडं! पण आप्पा न्यायाचे माणूस. त्यांनी कबूल केलं की अटीप्रमाणे आंजर्ल्याला चालत एकट्या सोनूबाईच जायच्या. बाई म्हणाल्या, चला सगळेच, पण चालायची वेळ मी सांगणार. आणि रांधायचं तुम्ही, पाळीपाळीने.

नाताळात मंडळी निघाली. पहिल्या मुक्कामी, गणपतीपुळ्याला, आप्पांची पाळी होती. बाई पाय पसरून अंगणात बसल्या होत्या. उठून मदत करायला त्यांचे हात नुसते शिवशिवत होते, पण त्या बसून राहिल्या. आप्पांनी पान मांडलं, पिठलं वाढलं, जाड्याभरड्या दोन भाकऱ्या ठेवल्या आणि समोर उभे राहिले, वर्गात पोरगा उभा राहावा तसे.

बाईंनी पहिला घास घेतला. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचं पहिलं जेवण. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले.

"मीठ कमी आहे, आप्पा," त्या म्हणाल्या. "वाढा अजून."