बैल जुंपलेली जीप

बैलांनीसुद्धा वाहतुकीचे नियम पाळायला हवेत असं मनापासून वाटणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच जन्माला आला, आणि नेमका तोच आमच्या शेजारी राहायला आला. शाळेमागच्या दोन खोल्यांपैकी एकीत मी आणि माझी बायको, दुसरीत साहेब. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातून विहिरींमधला खडक फोडायचं यंत्र आणि एक जुनी जीप घेऊन ते आले होते. साल एकाहत्तरच्या आसपासचं. गाव आमचं राहुरी तालुक्यात, नगर-मनमाड रस्त्यापासून जरा आत. त्यांचं खरं नाव उच्चारताना सरपंचांची कवळी दोनदा निसटली, म्हणून गावानं एकमतानं त्यांना 'साहेब' करून टाकलं. मराठी ते शिकले कोंडिबांकडून. कोंडिबा म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम आपल्या बैलगाडीतून वाहून नेणारे गृहस्थ, माणसांशी बोलणं कमी आणि बैलांशी जास्त. त्यामुळे मी शाळामास्तर 'होय', 'नाही' असं पुस्तकी बोलायचो, आणि हा सहा फुटी गोरापान माणूस मला 'व्हय मास्तर, आज लई ऊन हाय' म्हणायचा. शाळेतल्या पोरांना तर बरेच दिवस मीच परदेशी वाटत होतो.

साहेबांची जीप चालवण्याची पद्धत बघायला लोक पारावर येऊन बसत. रिकाम्या माळावर, जिथे समोर बोरीच्या झुडपाखेरीज जिवंत काही नाही, तिथेही ते वळताना खिडकीतून हात बाहेर काढून व्यवस्थित इशारा देत. आडव्या आलेल्या शेळीसाठी इंजिन बंद करून थांबत आणि ती गेली की 'जा बाई' म्हणून निरोप देत. जीपमध्ये जेवढ्या जागा तेवढीच माणसं, हा त्यांचा दंडक. आमच्याकडे गाडीत जागा नाही असं म्हणणं हा थेट अपमान समजला जातो. एकदा सरपंच सगळ्यात शेवटी येऊन जीपच्या मागच्या फळीवर उभे राहिले, तर साहेबांनी अत्यंत नम्रपणे त्यांना खाली उतरवलं, आधीच बसलेल्या तीन बायकांना नगरला सोडलं आणि परत येऊन एकट्या सरपंचांना घेऊन पुन्हा नगरला गेले. सरपंच वाटभर फुरंगटून बसले. पण गावात येऊन त्यांनीच सांगितलं, "मानूस येडा हाय, पर खोटा न्हाई."

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण त्या हिवाळ्यात मला हसू येत नव्हतं. माझी बायको गरोदर होती. याच्या आधीचं आमचं पहिलं मूल रस्त्यात गेलं होतं. ऐनवेळी बैलगाडीखेरीज काही मिळालं नाही, आणि बैलगाडी नगरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की कळा सुरू झाल्या की मोटार दारात हवी. गावात मोटार एकच आणि ती चालवणारा माणूसही एकच. साहेबांनी स्वतःहून येऊन सांगितलं होतं, "वैनीला मी नेतो. तुमी घोर करू नका." तेव्हापासून मी रात्री झोपायला लागलो होतो.

आणि मग एक दिवस नाक्यावरच्या हवालदारांनी घात केला. त्यांना राहुरीपर्यंत जायचं होतं, साहेबांनी बसवून घेतलं, आणि वाटेत वेळ जात नाही म्हणून हवालदारांनी साहेबांनी इथं आल्यावर काढलेलं लायसन्स सहज बघायला मागितलं. बघता बघता म्हणाले, "साहेब, ह्याची मुदत तर मागंच संपली की." साहेबांच्या देशात म्हणे एकदा लायसन्स काढलं की माणूस मरेपर्यंत चालतं. कागद माणसाच्या आधी मरतो ही कल्पनाच त्यांना नवीन होती. त्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. हवालदार गयावया करत होते, "अहो चालतंय हो, मी हाय न्हवं बसलेलो." साहेब खाली उतरले, हवालदारांनाही उतरवलं, आणि दोघांनी मिळून ती जीप गावापर्यंत ढकलत आणली. दोघे पोहोचले तेव्हा घामाने निथळत होते, आणि हवालदारांनी पुन्हा आयुष्यात कुणाचं लायसन्स तपासणार नाही अशी पारावर बसून शपथ घेतली.

जीप शाळेमागे उभी राहिली. यंत्राचं तेल, सुरुंगाची दारू सगळं बैलगाडीनं यायला लागलं, पण साहेब स्टिअरिंगच्या चाकाला हात लावीनात. मी एका संध्याकाळी लाजलज्जा सोडून विचारलं, "साहेब, समजा उद्याच वेळ आली, तर? एकदाच. कोण बघतंय?" त्यांनी जीपच्या काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मास्तर, वैनीला बिनलायसनच्या मानसाच्या हातात द्याल का तुमी?" मला त्यांचा संताप आला. चारचौघांत बोलता येत नाहीत असे शब्द मी मनातल्या मनात त्यांना वाहिले. पण ते चेष्टा करत नव्हते. आपण गाडी नीट चालवतो हे त्यांना स्वतःला सरकारनं सांगितल्याशिवाय खरंच पटत नव्हतं.

मुदत टळून बराच काळ लोटल्यामुळे नुसतं नूतनीकरण होणार नव्हतं. परदेशी माणूस म्हणून पोलिसांचा दाखला हवा, आणि वर गाडी चालवून दाखवायची परीक्षाही हवी. परीक्षा घेणारे मोटारींचे इन्स्पेक्टर नगरला ठरल्या दिवशीच येत. तो दिवस चुकला तर पुढच्या खेपेपर्यंत आमच्या घरी जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. दाखला मिळाला. अडलं ते भलत्याच ठिकाणी. परीक्षेला गाडी घेऊन यायची होती, आणि गाडी नगरपर्यंत न्यायला लायसन्सवाला माणूस गावात नव्हता. आम्ही तिघं जीपकडे बघत बसलो होतो. कोंडिबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाले, "इंजन बंद ठिवा. म्होरं माजी बैलं जुपू. मंग ती बैलगाडीच झाली की. बैलगाडीला कुठं लागतंय लायसन?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक आणून दोनदा चाळलं. बैलांनी ओढलेल्या जीपबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्यावर आधी धरलेला राग विसरायला झालं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. पुढे बैलांसोबत चालणारे कोंडिबा, चाकामागे ताठ बसलेले साहेब, शेजारी मी. उतार आला की साहेब हलकेच ब्रेक लावायचे, जीप बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. वळण आलं की हात बाहेर. समोरून येणारे ट्रकवाले गाडी थांबवून बघत. एकानं ओळखीच्या सुरात विचारलं, "कोंडिबा, काय बिघडलंय?" कोंडिबा न थांबता म्हणाले, "काय न्हाई. साहेबाचं कायद्याचं पोट दुखतंय." वाटेत कोंडिबांच्या पाहुण्यांकडे मुक्काम झाला. पिठलं-भाकरी खाताना साहेबांनी बैलांना आधी पाणी दाखवलं का ते तीनदा विचारलं. विळद घाटाच्या चढाला चार अनोळखी माणसं न सांगता मागून ढकलायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वरात नगरच्या मैदानात दाखल झाली.

इन्स्पेक्टर बारीक मिशांचे, तुसड्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी बैलांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "गाडी नादुरुस्त आहे?"

"न्हाई सायेब. गाडी ठणठणीत हाय. माजीच मुदत संपलीया."

असं मराठी असल्या तोंडातून ऐकून इन्स्पेक्टर क्षणभर गोंधळले, आणि जीपमध्ये बसले. मी मागे. बैल सोडले, इंजिन सुरू झालं. पहिल्या दहा मिनिटांत सगळं उत्तम चाललं होतं. मग पुढे एक उसाची गाडी आली. वर उसाचा डोंगर, त्यावर डोक्याला मुंडासं बांधून डुलणारा गाडीवान. साहेब तिच्या मागे लागले ते मागेच राहिले. रस्ता मोकळा, पण साहेब बैलाच्या चालीनं मागे मागे. इन्स्पेक्टर म्हणाले, "ओलांडा." साहेब म्हणाले, "गाडीवानानं अजून 'जा' म्हनून हात दिला न्हाई." इन्स्पेक्टरांनी कपाळावर हात मारला. त्यांची जेवणाची वेळ झाली होती. तिकडे मैदानात परीक्षेला आलेली माणसं ताटकळत होती. हा माणूस आता वैतागून उतरून गेला तर सगळंच मुसळ केरात.

अखेर इन्स्पेक्टरांनी स्वतः खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडले, "ए बाबा, हात कर, हात." गाडीवानानं मागे वळून बघितलं. आमच्याकडे हंगामात उसाच्या गाडीला मागून कुणी हाक मारली तर तिचा अर्थ एकच असतो. त्यानं शांतपणे वरचा एक चांगला लांबलचक ऊस उपसला, खाली वाकून इन्स्पेक्टरांच्या पसरलेल्या हातात दिला, आणि पुन्हा डुलायला लागला. साहेबांनी हे पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "आता दिला हात." खिडकीतून स्वतःचा हात काढून, हॉर्न देऊन, त्यांनी ती गाडी इतक्या नजाकतीनं ओलांडली की बैलांचे कानही हलले नाहीत.

ऊस जीपमध्ये मावेना. त्याचं टोक माझ्या कानाशी. इन्स्पेक्टर तो मोडायला लागले तेव्हा साहेबांनी गाडी बाजूला घेतली. "सायेब, परीक्षा हुईस्तवर खाऊ नका. लोक म्हनतील, ह्यानं खायाला घातलं." मी डोळे मिटून घेतले. आता संपलं, असं वाटलं. पण त्या तुसड्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मैदानात परत येईपर्यंत इन्स्पेक्टर तो ऊस गुडघ्यांमध्ये धरून शहाण्या मुलासारखे बसले. उतरले, सही केली, शिक्का मारला, आणि मग पहिला तुकडा दातांनी सोलता सोलता मला म्हणाले, "मास्तर, हा माणूस पुन्हा आणू नका. आमची बाकीची लायसन्सं देणं अवघड होईल." मी हसलो आणि तसाच तिथे मातीत बसलो. परत येताना बैल जीपच्या मागून रिकामे, ऐटीत चालत होते, आणि साहेब त्यांच्या सोयीनं सावकाश चालवत होते.

पुढे आठवड्याभरातच भर दुपारी कळा सुरू झाल्या. साहेब विहिरीवरून तसेच धुळीचे आले, पण हात धुतल्याशिवाय त्यांनी चाक धरलं नाही. मी म्हणत होतो, पळवा, पळवा. त्यांनी पळवली नाही. खड्डा आला की जपून, शेळी आली की थांबून, वळणावर हात दाखवून त्यांनी आम्हाला नगरला नेलं. बायको नंतर म्हणाली, "मागच्या वेळी प्रत्येक हिसक्याला वाटत होतं, गेलं. या वेळी एकदाही नाही वाटलं." संध्याकाळ व्हायच्या आत मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्सबाईंनी साहेबांना हटकलं, "तुम्ही कोण यांचे?" साहेबांनी खिशातून लायसन्स काढून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "मी डायवर हाय." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

मुलगी चालायला लागली त्याच्या थोडं पुढे साहेबांचं इथलं काम संपलं आणि ते त्यांच्या देशी परत गेले. निघण्याच्या दिवशी पहाटे आमच्या दारात आले तेव्हा ती झोपली होती. आम्ही तिला उठवायला निघालो तर त्यांनी हातानं थांबवलं. उंबऱ्याशी टेकून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "झोपू द्या मास्तर. लई लांबनं आलीया ती."

ती आता मोठी झाली आहे. साहेबांची गोष्ट निघाली की अजून विचारते, मला का नाही उठवलं? आम्ही दोघं तिला दरवेळी 'गाढ झोपली होतीस' असलं काहीतरी सांगतो. ते तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.