गोजरबाईची भरलेली विहीर

हिवरखेडीत सोयरीक जुळवायला मुलीकडचे पाहुणे आले की त्यांना मुलगा नंतर दाखवतात. आधी दाखवतात गोजरबाईची विहीर. घाटावरच्या त्या पट्ट्यात मुलींचे बाप आता शहाणे झालेत. शेत किती, नोकरी कुठं, हे पुसता पुसता विहिरीच्या काठावरून हळूच खाली डोकावून घेतात. कोरड्या गावात मुलगी कोण देणार, आणि का द्यावी?

गोजरबाई सत्तरीच्या अलीकडची. तोंडानं फटकळ, हातानं मोकळी. नवरा उकंडराव जाऊन बारा वर्षं झाली. ती विहीर दोघांनी मिळून खोदलेली, पंचेचाळीस फूट, बरीचशी काळ्या पाषाणातून. तो खाली सुरुंग लावायचा, ही पोटुशी असताना वर दगड वाहायची. त्यामुळं विहिरीला कुणी नाव ठेवलं की बाई त्याच्या सात पिढ्या काढायची. तिचा एक नियम होता. पाहुण्यापुढं रिता हंडा धरू नये. मग रिती विहीर तरी कशी दाखवायची?

कारण विहिरीला पाणी राहिलंच नव्हतं. चैत्र लागला की तळातली कपार दिसायची. पण बांधापलीकडं तिच्या मुलानं, गणेशनं, पाचशे फुटांचा बोअर मारला होता. पाहुणे येणार असं कळलं की बाई बोअरचं पाणी विहिरीत सोडायची. आधी दीड दिवसात विहीर भरायची, हल्ली पाच दिवस लागायचे. तोवर वांगी माना टाकायची आणि गणेश चिडचिड करायचा.

"माय, पीक वायून राह्यलं ना!"

"वायू दे. गावातलं पोरगं बिनलग्नाचं राह्यलं तं ते काय वांग्याशी संसार करीन?"

गावाला हे ठाऊक होतं. गाव गालातल्या गालात हसायचं आणि पाहुण्यांना घेऊन विहिरीवर जायचं. अशी एकोणीस लग्नं त्या विहिरीनं लावली, असं बाई बोटांवर मोजून सांगायची.

एक गोष्ट मात्र गणेश सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. बाई आणखी एका पाहुण्यासाठी विहीर भरायची. तिच्या विहिरीच्या कठड्यावर पिवळ्या रंगात एक नंबर होता. ही सरकारची निरीक्षण विहीर. वर्षातून चारदा भूजल खात्याचा जानराव मोटारसायकलवरून यायचा, फितीच्या टोकाला खडू फासून ती खाली सोडायचा आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचा. मोठा काटेकोर माणूस. फूट नाही, सेंटिमीटर लिहायचा. बाईची गैरसोय होऊ नये म्हणून आठवडाभर आधी फोन करायचा. आणि बाई फोन ठेवून थेट बोअरचं बटण दाबायची. सरकारचा असला तरी पाहुणाच की तो! अकरा वर्षं हे चाललं, आणि यात काही वावगं आहे असं तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

यंदा धरणावरून नळानं पाणी देण्याची प्रादेशिक योजना आली. बारा गावांची नावं होती, त्यांतली सात घेतली, पाच गाळली. गाळलेल्यांत हिवरखेडी. गाव खवळलं. तालुक्याहून आराखड्याचं काम पाहणाऱ्या प्रतीक्षा मॅडम जानरावला घेऊन आल्या आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. मॅडमनी भिंतीवर एक आलेख लावला. अकरा वर्षांची रेघ, जवळजवळ सपाट.

"ही तुमची निरीक्षण विहीर. मे महिन्यातसुद्धा पाणी वीस फुटांवर आहे. तालुक्यातल्या बाकी विहिरींचं पाणी दरवर्षी खाली गेलं, हिचं गेलं नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात तुमचं नाव नाही."

गोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण ती सपाट रेघ तिला कळली. ती रेघ तिनंच ओढली होती.

उत्तमराव तरातरा उठला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दोन म्हशी पाण्यावाचून विकाव्या लागल्या होत्या.

"वीस फुटावर पाणी? मे महिन्यात त्या हिरीत कुत्रं बी भिजत नाही! घरी बसून आकडे लिवले या जानरावनं! काढा त्याले!"

"काढा! काढा!" सगळं पटांगण ओरडलं.

जानराव वही छातीशी धरून उभा राहिला. "म्या दर खेपेले फीत सोडली, मॅडम. ज्यादा नाही, कमी नाही." त्याचा आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही. त्याची मुलगी धम्मशीला याच गावची सून. ती बायांच्या ओळीत डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि तिचा नवरा धम्मदीप लोकांना हात जोडत होता. पण जमावाला व्याही दिसत नाही.

मॅडमनी जरा विचार केला. "आकडे खोटे असतील तर विहीर पुन्हा मोजू, गावाचं नाव घालायचा प्रस्तावही पाठवू. पण मग जानरावांना कामावर ठेवता येणार नाही."

गोजरबाईच्या मनात आलं. नुसतं गप्प बसलं की झालं! गावाला नळ मिळेल, तिची अब्रू झाकलेली राहील, एकोणीस सुनांच्या माहेरी काही कळायचं नाही. फक्त जानराव जाईल, खोटारडा म्हणून, पोटच्या पोरीच्या डोळ्यांदेखत. बाईला स्वतःचीच भीती वाटली, कारण तिला ते क्षणभर पटलं होतं.

ती उठली.

"ओरडू नोका बे! मानूस खरा हाय. इहीर खोटी हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. बोअर, पाहुणे, जानरावचा फोन, सगळं. कुणी तिला थांबवलं नाही.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "आजी, किती वर्षं?"

"नंबर टाकला तवापासून. अकरा."

"पाचशे फुटांखालचं पाणी उपसून तुम्ही वरच्या विहिरीत टाकत होता. आम्हाला वाटलं, वरचीच जमीन भरलेली आहे." त्या उठून आलेखापाशी गेल्या. "आणि ही विहीर एकट्या तुमच्या गावाची नाही हो. शेजारच्या चार गावांचा अंदाज हिच्यावरूनच बांधलाय. गाळलेली पाच गावं तीच आहेत."

पाच गावं! त्यांतल्या एका गावात बाईची सख्खी बहीण नांदत होती, आणि यंदा ती पहाटेपासून टाकीपाशी रांग लावत होती.

उत्तमराव मान खाली घालून बसला. निदान एक तरी गोष्ट आपण सावरली, असं वाटून बाई जानरावपुढं गेली आणि हात जोडले.

"भाऊ, माह्यामुळं बोल लागला तुम्हाले. आता गेला तो."

जानराव तिच्याकडं पाहत नव्हता. तो वहीची मागची पानं चाळत होता.

"सात वर्साखाली माह्या पोरीले तीन स्थळं आलते, बाई. एक खामगावचं, नळ व्हता घरात. तिची माय तेच म्हणत व्हती. म्या म्हनलं, नाही. तालुक्यातल्या तीस हिरी मोजतो मी, त्यात पाणी हलत नाही असं हे एकच गाव हाय. लोकं तं पाण्यासाठी सगळीकडंच रडतात, लोकाइचं म्या कधी आयकलं नाही. माह्या हातानं मोजलं ते खरं." त्यानं वही मिटली. "या आकड्यावर म्या पोर देल्ली."

एकोणीसच्या हिशोबात बाई धम्मशीलेला कधी धरतच नव्हती, कारण त्या लग्नासाठी तिनं विहीर भरलीच नव्हती.

धम्मशीला बायांतून उठून बापाजवळ आली. जानरावनं विचारलं, "मी तुह्या घरी येतो तवा सारे हंडे भरेल राह्यते. कुठून आणतं बाई तू पाणी?"

"नाल्यापलीकडून. दोन कोस हाय."

"सात वर्सं? मले काऊन सांगतलं नाही?"

"तुम्ही पाहुणे ना, बाबा," धम्मशीला म्हणाली. "तुम्ही यायच्या आंधी म्या दरखेपेले सारं भरून ठेवलं."