दोन बादल्या पाणी

आमच्या इंझोरीत मारुतीच्या भंडाऱ्याचे रोडगे म्हणजे जगदेवकाका. कणकेचे पदर असलेले ते गोळे गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर गावाने हाणायचे. पंगत बसण्याआधी भाजणाऱ्याने पहिला रोडगा मारुतीपुढे फोडायचा आणि भोंग्यावर त्याचं नाव पुकारायचं, ही आमची रीत. सव्वीस वर्षं ते नाव जगदेवकाकाचं होतं. काका मारुतीपुढे डोळे मिटून उभा राहायचा, पण कान भोंग्याकडे असायचे.

मागच्या चैत्रात मात्र देवळाचा कारभार पाहणाऱ्या पुंजाजींनी रोडग्यांचं काम भागवतला दिलं. भागवत काकाच्या चुलतभावाचा मुलगा, काकाच्याच शेजारी बसून शिकलेला. आदल्या वर्षी काकाचे अर्धे रोडगे वरून कोळसा आणि आतून कच्चे निघाले होते. काका म्हणे, पीठच खराब होतं.

"काल ज्याले नाक पुसता येत नव्हतं, थो आज गावाले जेवू घालून राह्यला!" काका अंगणात फेऱ्या मारत होता.

"तुमीच शिकवलं ना त्याले?" गोजराकाकू म्हणाली.

"शिकवलं म्हणून काय माह्या पाटावर बसन थो?"

काका जळत होता, दुसरा शब्द नाही. भागवतने आपलं काही हिसकावलं नाही, हे त्यालाही कळत होतं. पण कळल्याने जळणं थांबत असतं तर काय हवं होतं! दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही.

भंडाऱ्याच्या सकाळी भागवत कणीक मळायला गेला, तेव्हा देवळामागे गवऱ्यांच्या ढिगाजवळ कोणी नव्हतं. काकाने नळावर दोन बादल्या भरल्या, ढिगावर ओतल्या आणि वरून चार कोरड्या गवऱ्या रचून ठेवल्या. विस्तव धड पेटणार नाही, रोडगे कच्चे राहतील आणि पुंजाजी धावत आपल्या दारी येतील, असा बेत. मग धुतलेला सदरा घालून तो ओट्यावर वाट पाहत बसला.

पुंजाजी आले नाहीत. धूर तेवढा आला. गवऱ्या नुसत्या धुमसत होत्या, भागवतचे डोळे लालभडक झाले होते आणि पंगत दोन तास लांबली. ते ऐकून काकाला कडकडून भूक लागली. तो मोठ्या खुशीत देवळात गेला.

पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. चैत्रातल्या कडक वाळलेल्या गवऱ्यांचा जाळ भडकतो आणि रोडगा वरच्यावर करपतो. त्या दिवशी गवऱ्या भडकल्याच नाहीत. मंद विस्तवात रोडगे आतपर्यंत शिजले. भागवतने पहिला रोडगा फोडला तर पदर न् पदर सुटा. मी एरवी दोनात हात टेकतो, त्या दिवशी चार खाल्ले.

पंगत रंगात आल्यावर पुंजाजींनी पुन्हा भोंगा हातात घेतला. "असा रोडगा या गावात आजपरेंत कोनं भाजला नाही! वा रे भागवत!"

काकाचा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षांत त्याच्यासाठी असं कुणी म्हटलं नव्हतं. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण ही करामत आपल्या पाण्याची आणि कौतुक भागवतचं, हे त्याला सोसवेना. तो भर पंगतीत उठला.

"त्याचं काय हाय त्याच्यात? गवऱ्या म्या भिजवल्या! दोन बादल्या पाणी म्या टाकलं!"

काकूने तोंडाला पदर लावला.

"कायले, काका?" भागवतने विचारलं.

काका तसाच उभा, हातावरून तूप ओघळत होतं. भागवतने एक रोडगा तुपात बुडवून काकाच्या पत्रावळीवर ठेवला आणि तो पुढे वाढायला गेला.

यंदा पुंजाजींनी भोंग्यावरूनच कामं वाटली. "रोडगे, भागवत. गवऱ्यावर पाणी, जगदेव." गाव पोट धरून हसलं. काका आता तोंड दाखवणार नाही, असं आम्हाला वाटलं. पण तो सगळ्यांच्या आधी देवळामागे हजर. भागवत बादली उचलायला वाकला, तर त्याने ती हिसकावून घेतली.

"सोड! तुले नाही जमत माप."

रोडगे मागच्यासारखेच झाले. पहिला रोडगा फुटला. काका मारुतीपुढे डोळे मिटून उभा राहिला, आणि भोंग्यावर पुकारा झाला, "भागवत अन् जगदेव!"

काकू माझ्या कानाशी लागली. "पाह्य आता. घरी जाऊन म्हनन, माह्यं नाव भागवतच्या मांगं काहून घेतलं."

काकाने घरी जाईपर्यंतही दम धरला नाही.