फणसाची सीट
शेजारी फणस फोडला की त्याचा वास जिनाभर पसरतो आणि मला आमचे मामा आठवतात. ते कोकणातून पहिल्यांदाच बदलापूरला येणार होते. मी फोनवर त्यांना तीनतीनदा बजावलं होतं, "स्टेशनबाहेर रिक्षावाले 'स्पेशल करा' म्हणतील, ऐकू नका. शेअरच्या रांगेत उभे राहा आणि एका सीटच्या वर एक रुपया देऊ नका." मे महिन्यातली रविवारची दुपार होती, मी कूलरसमोर लोळत पडलो होतो. मामा दारात आले ते घामाने निथळत, खांद्यावर हा एवढा फणस, शर्टाला चीक लागलेला. रिक्षावाला म्हणाला होता, "बाबा, फणसाची पण सीट लागेल." ते ऐकून मामा रिक्षातून उतरले आणि चामटोलीच्या रस्त्यावरच्या आमच्या घरापर्यंत विचारत विचारत चालत आले. "एकाच सीटचे द्यायचे, तूच सांगितलंस ना," ते खूश होऊन म्हणाले. मग खिडकीशी पाणी पिताना त्यांचं लक्ष खाली उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरकडे गेलं. "गाडी बंद पडलीय का रे?" मी हो म्हणालो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते परत निघाले तेव्हाही मला ती काढता आली नाही. नाक्यावर त्यांना शेअर रिक्षात बसवलं आणि हात केला. मामा आता नाहीत. स्कूटर आहे, अजून एका किकमध्ये सुरू होते.